घंटापेटीचे मागचे कोपरे

इंग्लंडातल्या नेलकूम गावाहून स्ट्राउडला जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या बाकावर कुणी परका माणूस बसला, की ड्रायव्हर रूबेन गझार्डची कळी खुलायची. गावच्या लोकांना त्याच्या गोष्टी तोंडपाठ होत्या. परक्याला नव्या असायच्या. चर्चवरून बस जाताना रूबेन सांगायचा, कधी आत गेलात तर पाद्रीसाहेबांची खुर्ची बघून घ्या. शाळा आली की म्हणायचा, इथं पुस्तकांचं एक कपाट आहे, त्याच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवून बघा, सांधा डोळ्याला दिसतो पण बोटाला लागत नाही. मग वळणावर वेग कमी करता करता सहज म्हटल्यासारखं म्हणायचा, "माझ्या बायकोनं केलंय."

"बायकोनं?" असं माणूस हटकून विचारायचा. रूबेनला त्या एका प्रश्नाची चटक लागली होती. तो आरशात बघून नुसती मान डोलवायचा आणि गिअर बदलायचा.

त्याची बायको हेस्टर ही अमोस टक सुताराची मुलगी. अमोसचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये कामी आला, तेव्हा म्हाताऱ्यानं मुलीच्या हातात पटाशी दिली आणि त्याबद्दल गावात कुणाला एक शब्द बोलू दिला नाही. त्या डोंगराळ मुलखातले सुतार सांधा झाकत नाहीत. शहरातलं फर्निचर गुळगुळीत असतं, जोड कुठं आहे ते कळू देत नाही. इथं फळीला फळी जिथं भेटते तिथंच कारागिराची खरी सही असते. "कापडाची शिवण आत, लाकडाची बाहेर," असं अमोस म्हणायचा आणि हेस्टरही तेच म्हणायची. बाप गेल्यावर कारखाना तिनं चालवला. कारखाना म्हणजे घरामागची दगडी भिंतींची एक लांब खोली. तीत उत्तरेकडच्या खिडकीखाली एक कामाचं बाक, आणि छताच्या तुळयांवर वर्षानुवर्षं वाळत पडलेल्या ओकच्या फळ्या.

रूबेनचा लाकडाशी संबंध चुलीपुरता. त्याचे छंद दोनच, बोलणं आणि घंटा. रविवारी तो चर्चच्या मनोऱ्यात दोर ओढायचा, आणि नाताळात गावच्या मंडळींबरोबर हातघंटा वाजवत दारोदार फिरायचा. या हातघंटा म्हणजे चामड्याच्या मुठीच्या पितळी घंटांचा जुना संच. मुठीएवढ्या लहानापासून बादलीएवढ्या मोठ्यापर्यंत. त्या ज्या पेटीत ठेवायच्या तिला लाकूडकिडीनं कधीचं पोखरलं होतं. एका नाताळात चर्चच्या उतारावर पेटीचा तळ गेला आणि सगळ्या घंटा आपापल्या सुरात गडगडत खाली गेल्या. सर्वांत मोठी घंटा खाटकाच्या दुकानाच्या दारावर जाऊन थांबली. गाव पोट धरून हसलं. पण नवी पेटी लागणार हे उघड होतं, आणि ती कोण करणार हेही. मंडळींचा म्होरक्या ऑब्री क्लिसोल्ड हा गावचा पोस्टमास्तर. तो हेस्टरकडे आला, तेव्हा ती म्हणाली की आधी घंटा मला आणून दाखवा.

तिनं त्या सगळ्या घंटा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तोंड खाली करून ओळीनं मांडल्या. चहा निवून गेला तरी ती बघत बसली होती. रूबेननं विचारलं, काय बघतेस एवढं? ती म्हणाली, "मानेशी अरुंद, तोंडाशी रुंद. ही कबुतराची शेपटीच आहे रे. फक्त हिला कंबर आहे."

पेटीचा कोपरा जोडायचा तर एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात कापतात आणि दुसरीत तशाच खाचा. दात खाचेत बसले की फळी ओढून निघत नाही. हा सांधा जगभर सरळ रेघांनी कापतात, कारण करवत सरळ चालते. हेस्टरनं ठरवलं की या पेटीच्या प्रत्येक दाताला घंटेची वळणदार कंबर द्यायची. कोपऱ्यावर तळाशी मोठी घंटा, वर जाताना लहान होत जाणारी रांग. वळण करवतीनं होत नाही. ते गोल पटाशीनं कणाकणानं कोरावं लागतं, आणि दुसऱ्या फळीत तेच वळण उलटं उतरवावं लागतं. केसाएवढी फट राहिली तरी ती साऱ्या जगाला दिसते, कारण सांधा बाहेर आहे.

नाताळ झाल्यापासून तिनं पुढचे दोन कोपरे केले. दुसरा कोपरा बसवताना तिनं रूबेनला हाक मारली. ती फळीवर हलके ठोके देत होती आणि ठोक्याचा आवाज हळूहळू भरीव होत गेला, शेवटी असा झाला की जणू एकाच लाकडावर ठोकतेय. रूबेननं खिशातली काडेपेटी काढून पेटती काडी कोपऱ्याजवळ धरली. ओकच्या फिक्या अंगावर घंटांची रांग उठून दिसत होती आणि फट म्हणाल तर कुठं नव्हती. "काडी विझव, नाहीतर पेटीची शेगडी होईल," हेस्टर म्हणाली. पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. पुढचे कित्येक दिवस बसमध्ये चर्च आणि शाळा मागे पडली, नुसती पेटीच चालली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कारखान्यात जाण्यासाठी कोट चढवताना हेस्टर थांबली. उजवा हात डाव्या हातानं उचलून तिनं रूबेनकडे बघितलं आणि विचारलं, "हा हात कुणाचा आहे?"

ग्लॉस्टरच्या इस्पितळातून ती घरी आली तेव्हा डोंगरउतारावर कोकरं बागडत होती. पाय ओढत का होईना, ती चालत होती. शब्द उशिरा यायचे, पण यायचे. उजवा हात मात्र परत आला नाही. तो मांडीवर पडून राहायचा, परक्या मांजरासारखा. ती दिवसभर खिडकीशी बसायची आणि कारखान्याकडे पाठ करून बसायची. घरी आल्यापासून तिनं एकदाही त्या दाराची कडी काढली नव्हती. रूबेन कामावर जायचा, परत यायचा, दिवसभराच्या गमती सांगायचा. तिला हसू आलं नाही की आणखी सांगायचा.

मे महिन्यात ऑब्री क्लिसोल्ड केक घेऊन आला. टोपी हातात फिरवत त्यानं हवेबद्दल बोलून घेतलं, कोबीबद्दल बोलून घेतलं, पेटीचं नाव काढलं नाही. फाटकापाशी रूबेन सोडायला गेला तेव्हा मात्र तो म्हणाला की घाई काही नाही, पण पुढची बाजू इतकी देखणी झालीय, आणि पेटीची मागची बाजू काय, भिंतीलाच जाणार. तिथं साधे सांधे असले तर कोण बघतंय? अल्बन केव्हला विचारावं का?

अल्बन अमोस टकच्या हाताखाली हेस्टरबरोबरच शिकलेला. आता दरीच्या तळाशी, कालव्याकाठच्या जुन्या कापडगिरणीत त्याचा यंत्रांचा कारखाना होता. स्वयंपाकघरातली कपाटं, शाळेचे बाक असलं काम भराभर निघायचं. माणूस वाईट नव्हता. रूबेननं विचारल्यावर तो लगेच म्हणाला की यंत्रावर एका दुपारचं काम आहे, गझार्डबाईंचं म्हणून मी एक पेनीही घेणार नाही. रूबेनला वाटलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. कारखान्याच्या दाराकडे पाठ करून बसलेल्या बाईला आता पेटी नकोशीच झाली असणार. रविवारी हेस्टर चर्चमध्ये असताना अल्बन गाडी घेऊन आला आणि पेटीच्या फळ्या घेऊन गेला. रूबेननं हेस्टरला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता राहिलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं तर त्याला भीती वाटत होती.

पण गावात अशी गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या तोंडून कानावर येतेच. मंगळवारी दुपारी बस गावच्या थांब्यावर आली तर तिथं हेस्टर उभी. कोटाची बटणं एक सोडून एक लागलेली, डोक्यावर चर्चला जायची टोपी, डाव्या हातात काठी. बस अर्धी भरलेली होती आणि सगळं गावचंच माणूस. रूबेन उठू लागला.

"जागेवर बस," हेस्टर म्हणाली.

ती पायऱ्या चढली. काठी काखेत धरून डाव्या हातानं दांडा पकडला, एक पाय वर, मग दुसरा. मदतीला पुढं झालेल्या बेकरीवाल्या बाईला तिनं नुसत्या नजरेनं मागं सारलं. मग खिशातून नाणं काढून रूबेनच्या पुढ्यात ठेवलं.

"गिरणी," ती म्हणाली.

"हेस्टर, मी तुला सांगणारच होतो."

"तिकीट."

त्यानं तिकीट फाडून दिलं. त्या फेरीत बसमध्ये कुणी बोललं नाही आणि सर्वांत गप्प ड्रायव्हर होता. गिरणीच्या थांब्यावर ती उतरली आणि मागं न बघता कालव्याच्या पुलावरून गेली. रूबेनला बस सोडून जाता येईना. स्ट्राउडला जाऊन, तिथं ठरलेला वेळ थांबून, मगच त्याला परत फिरता आलं.

परतीच्या वाटेवर त्यानं लांबूनच बघितलं. थांब्याजवळ फळ्यांचा गठ्ठा होता, गठ्ठ्यावर हेस्टर बसली होती आणि शेजारी कामाचा एप्रन घातलेला अल्बन मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखा उभा होता. त्यानं फळ्या बसमध्ये आणून बाकांच्या मधल्या वाटेत ठेवल्या. लोकांनी निमूट पाय वर घेतले. उतरण्याआधी अल्बन रूबेनच्या कानाशी वाकला. त्यानं अजून करवत लावली नव्हती, फक्त रेघा मारल्या होत्या, असं तो म्हणाला. बाई आत आल्या आणि बोलायला लागल्या, तर शब्द येईनात. म्हणून पोरांनी एकेक करून सगळी यंत्रं बंद केली. अख्खी गिरणी शांत झाली, तेव्हा कुठं त्यांचा प्रश्न पुरा झाला.

"काय म्हणाली?"

"घंटेला मागची बाजू असते का, म्हणून विचारलं. मी फळ्या बांधायला घेतल्या."

घरी आल्यावर हेस्टर स्वयंपाकघरात बसली नाही. ती सरळ कारखान्याकडे गेली आणि डाव्या हातानं कडी काढली. रूबेन फळ्या घेऊन मागं गेला. बाकावर धूळ साचली होती, पटाश्या तिनं ठेवल्या होत्या तशाच रांगेत होत्या. त्यानं फळ्या भिंतीशी टेकवल्या आणि आपली चूक झाली, असं सांगितलं. तुला त्रास होईल म्हणून केलं, असं म्हणाला, आणि मग तेही अर्धंच खरं आहे हे जाणवून म्हणाला की मी भ्यालो होतो. तुला जमलं नाही तर तुझं तोंड बघवणार नाही, म्हणून भ्यालो.

ती बराच वेळ शब्द शोधत होती. त्यानं मधे तोंड घातलं नाही.

"हात मेलाय," ती म्हणाली. "मी नाही मेले. आता तुझा दे."

"काय देऊ?"

"हात. उजवा."

तो उन्हाळा त्यांनी कारखान्यात काढला. रूबेन कामावरून आला की चहा घेऊन दोघं आत जायची आणि उजेड असेपर्यंत काम करायची. इंग्लंडात जूनचा उजेड लवकर हटत नाही. आधी हेस्टर डाव्या हातानं करवत शिकली. फळी शिकंज्यात घट्ट धरलेली असायची, तेव्हा करवतीला एक हात पुरायचा, पण तो हात साठीला येऊन पहिल्यांदा शाळेत गेला होता. निरुपयोगी तुकड्यांवर ती रेघा कापायची आणि त्या वाकड्या जायच्या. अशा वेळी तिच्या तोंडून जे शब्द यायचे ते मात्र अजिबात अडखळत नसत. चुलीला त्या उन्हाळ्यात ओकचं सरपण मिळालं.

रूबेनचं काम काटकोन तपासायचा गुण्या धरण्याचं आणि ठोके देण्याचं. हेस्टर डाव्या हातात पटाशी धरून तिची धार रेघेवर टेकवायची, आणि रूबेननं लाकडी हातोडा मारायचा. ऐकायला सोपं होतं. पहिल्याच ठोक्याला पटाशी लाकडात अशी रुतली की दोघांनी मिळून उपटावी लागली.

"बस थांबवतोयस का?" हेस्टर म्हणाली. "लाकूड आहे ते."

त्यानं हलका मारला तर पटाशी हलेना, जरा जोर लावला तर रेघेपलीकडे जाई. तो घामाघूम व्हायचा. एवढी वर्षं या बाईच्या कामाची फुशारकी मारली, आणि त्यातलं आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे त्याला रोज नव्यानं कळत होतं. शेवटी एका संध्याकाळी तिनं पटाशी खाली ठेवली आणि विचारलं की मनोऱ्यातली घंटा तू कशी वाजवतोस?

तो म्हणाला की वाजवायची कसली, घंटा माणसापेक्षा जड असते, तिला ओढून चालत नाही. ती आपल्या वजनानं फिरते. ती वर जाऊन क्षणभर तोलावर उभी राहते, तो क्षण हाताला दोरातून कळतो, तेव्हा बोटभर जोर पुरतो. आणि शेजारच्याचा हात बघत राहायचं, म्हणजे आपली पाळी कधी ते कळतं.

"मग तसंच कर," ती म्हणाली. "माझा खांदा बघ."

त्या दिवसापासून तो हातोड्याकडे बघायचा बंद झाला. तो तिचा डावा खांदा बघायचा. खांदा किंचित खाली आला की ठोका. थांबला की थांबायचं. ठोके हळूहळू सारखे पडू लागले, आणि ओकच्या कातळ्या नखाएवढ्या पातळ निघू लागल्या. ती 'अजून' म्हणायची, किंवा नुसतं 'हं', आणि एखाद्या संध्याकाळी तेवढंही बोलणं व्हायचं नाही. गावातल्या सर्वांत बडबड्या माणसाला गप्प राहण्यात काही गोडी असते, हे त्याला त्या उन्हाळ्यात कळलं.

तिसरा कोपरा झाला. कोरीवकाम पहिल्यासारखं नव्हतं, हे रूबेनलाही दिसत होतं. पण फट नव्हती. तो हरखला, आणि हरखलेल्या माणसाचं होतं तेच झालं. चौथ्या कोपऱ्याची सर्वांत वरची, सर्वांत लहान घंटा कोरताना बाहेर कुणाची तरी सायकल वाजली. रूबेनची नजर हलली, ठोका पडला आणि घंटेच्या तोंडाचा कोपरा उडून गेला.

तशी दुसरी फळी नव्हती. पेटीसाठी घेतलेला ओक पाद्रीसाहेबांच्या बागेत वादळात पडलेला, त्याच्या एवढ्याच फळ्या निघाल्या होत्या. रूबेन हातोडा ठेवून बाहेर गेला आणि कोंबड्यांच्या खुराड्याशी जाऊन उभा राहिला. हेस्टर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग आतून हाक आली.

"रूबेन. तुकडा शोध."

तो गुडघ्यांवर बसून ढलप्या चाळू लागला. ओकच्या कचऱ्यात ओकचा तुकडा, तोही बोटाच्या नखाएवढा. ती वरून काठीनं दाखवत होती, तिकडं बघ, बाकाच्या पायाशी बघ. शेवटी तो त्याच्याच पॅन्टच्या दुमडीत सापडला. तिनं तो उजेडात धरून रेषा जुळवल्या आणि सरस लावायला सांगितला. रूबेननं तो सुतळीनं घट्ट बांधला. ती म्हणाली, "बाबांच्या प्रत्येक कामात असा एक तुकडा आहे. कुठं आहे ते फक्त मला ठाऊक. आता तुझाही एक झाला."

"म्हणजे मी सुतार झालो म्हण."

"नाही. तुकडा झाला."

दुसऱ्या दिवशी सरस वाळल्यावर तिनं त्यावर एकटीनं, नुसत्या हाताच्या दाबानं पटाशी फिरवली. रूबेनला जवळ येऊ दिलं नाही. चौथा कोपरा बसवला तेव्हा मधली एक घंटा अडली. तिनं सांधा पुन्हा उघडायला लावला, घासून चमकणारी जागा शोधून कणभर तासली, पुन्हा बसवला. पुन्हा उघडला. रूबेनचा हात भरून आला होता, पण त्याला आता त्या भरीव आवाजाची खूण पटली होती, आणि तो आवाज आल्याशिवाय थांबायला तोच तयार नव्हता. तो आला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हेस्टरनं मान हलवली आणि बाकाला टेकून उभी राहिली.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी गावच्या सभागृहात पेटी दिली. झाकण, पितळी कड्या, तेलपाणी, सगळं करता करता शरद सरला होता. मंडळी लोकरी कोटांत आली होती, टेबलावर मांसाच्या वड्या आणि सफरचंदाची दारू होती. ऑब्री क्लिसोल्डनं भाषण केलं. ते लांब होतं. त्यात अमोस टक आला, लढाई आली, पोस्टखातंही आलं. मग लोक पेटीभोवती जमले आणि जो तो घंटांच्या रांगेवरून बोट फिरवू लागला. रूबेन भिंतीशी उभा राहून ती बोटं बघत होता.

अल्बन केव्ह सर्वांत शेवटी पुढं झाला. तो आधी पुढच्या कोपऱ्यांशी उकिडवा बसला, मग मागच्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लोक आपोआप गप्प झाले, कारण या दरीत लाकडातलं कळणारा हेस्टरच्या खालोखाल तोच होता.

"मागचे नंतरचे," तो म्हणाला.

"कशावरून?" रूबेननं जरा तोऱ्यातच विचारलं.

अल्बननं सांगितलं की पटाशीचा उतार उलटा पडलाय, डाव्या हाताचा आहे. आणि वळणं जराशी रुंद आहेत. त्यात निंदा नव्हती. त्यानं हेस्टरकडे बघून विचारलं, "बाई, तुम्हाला स्वतःला कुठले आवडतात?"

रूबेनला वाटलं, आता ती मागचे म्हणेल. साऱ्या सभागृहाला तेच ऐकायचं होतं. हेस्टर काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती, डावा उजव्यावर. ती शब्द जुळवत होती आणि कुणी घाई केली नाही.

"पुढचे सरस आहेत," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तसे आता मला होणार नाहीत." मग थोडं थांबून म्हणाली, "पण मागचे कुणी दुसऱ्यानं केले असते, तर ही पेटी माझी नसती."

अल्बननं टोपी काढली. तो म्हणाला की यातला एकही कोपरा मला जमला नसता, दोन हातांनी नाही आणि चार हातांनी नाही. आणि मग, सगळ्यांसमोर, त्यानं विचारलं की शनिवारी दुपारी मी आलो तर हे वळण मला शिकवाल का? हेस्टर म्हणाली की ये, पण येताना पटाशीला धार लावून आण, तुझ्या पटाश्यांची दशा मी गिरणीत बघितलीय. लोक हसले, सर्वांत मोठ्यानं अल्बन हसला.

तेवढ्यात क्लिसोल्डला पुन्हा भाषणाची उबळ आली. त्यानं गावातर्फे हेस्टर गझार्ड यांचे आभार मानले. हेस्टरनं काठी उचलून रूबेनकडे रोखली.

"ठोके त्याचे आहेत," ती म्हणाली.

सगळ्या माना रूबेनकडे वळल्या. उभ्या जन्मात त्याला असं कधी झालं नव्हतं. त्यानं हात वर केला, तो उजवाच होता, आणि काय करावं न सुचून त्यानंच डोळे पुसले. बेकरीवाल्या बाईनं टाळी वाजवायला सुरुवात केली.

अल्बन पुढच्या शनिवारी आला आणि नंतर येतच राहिला. रूबेननं एका वर्षानं बसची नोकरी सोडली. गझार्डांकडे कामं येत गेली, फार नाहीत, जेवढी तीन हातांना पेलतील तेवढी. एक लेखनाचं मेज, एक पाळणा, चर्चच्या दारासाठी एक दानपेटी. रूबेनला सरळ करवत चालवता आली नाही ती नाहीच आली, आणि हेस्टरनं ते बोलून दाखवायचं कधी सोडलं नाही. पण हातोडा ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. अल्बननं एकदा देऊन बघितला ठोका, तर तिनं पटाशी उचलून घेतली आणि म्हणाली, राहू दे, रूबेनला येऊ दे.

हातघंटांची मंडळी आजही तीच पेटी वापरतात. वाजवायला उभी राहिली की पेटी मधोमध ठेवतात आणि सभोवार गोल करतात, म्हणजे लोकांना चारी कोपरे दिसतात. रूबेन मनातल्या मनात मागचे दोन निवडायचा. हेस्टरचं म्हणणं त्याला मान्य होतं, पुढचे सरस होतेच. तरी तो मागचेच निवडायचा. पण त्याच्या मताला काही अर्थ नव्हता, तो घरचाच माणूस होता.